ट्रॅफिकमध्ये काटा वर, हायवेला खाली: तिसऱ्या मालकाने शोधलेलं जुन्या गाडीचं दुखणं

गाडी 2014 ची, पेट्रोल, 1.2 लिटर, एमएच 04. मी 2021 च्या डिसेंबरात घेतली तेव्हा मीटरवर 61 हजार होते, आज 1 लाख 14 हजार आहेत. मी तिसरा मालक. गाडीची कंपनी सांगत नाही. तिचा यात फारसा दोष नाही हे पुढे कळेलच, आणि नाव वाचलं की लोक गाडीवर भांडत बसतात, दुखणं राहतं बाजूला.

दुखणं असं. संध्याकाळी ठाण्याच्या घोडबंदर रोडला मानपाडा ते कासारवडवली गाडी रांगत चालली, की वीस-पंचवीस मिनिटांनी टेम्परेचरचा काटा मधली जागा सोडून वर सरकायचा. त्याच सुमारास एसी कोमट हवा मारायला लागायचा. पुढे रस्ता मोकळा झाला, गाडीने चाळीसचा वेग धरला, की दोन मिनिटांत काटा खाली आणि एसी गार. माझी नोकरी ऐरोलीला. ठाणे-बेलापूर रोडला कधीच तक्रार नाही. शिवाय दर दहा-पंधरा दिवसांनी कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत बोटभर कमी, आणि पार्किंगमध्ये गाडीखाली एक थेंब नाही.

तीनदा दुरुस्त झाली, तीनदा परत आली.

तीनदा बरी झाली ती कशी

पहिली वेळ मे 2022. पातलीपाड्याच्या सिग्नलला काटा लाल रेषेला टेकला. तासभर गाडी कडेला उभी केली, टपरीवरून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन ओतल्या आणि गॅरेज गाठलं. त्यांनी कूलंट बदललं. म्हणजे काय, तर अर्धा लिटर हिरवं कॉन्सन्ट्रेट आणि उरलेलं गॅरेजच्या ड्रमातलं पाणी. हे मी समोर उभा राहून पाहिलं, पण तेव्हा त्यात काही खटकलं नाही. बिल साडेआठशे. जून ते सप्टेंबर गाडी ठणठणीत. मी खूश होऊन सोसायटीत चार जणांना त्या गॅरेजचा नंबर दिला.

खरं तर गाडी बरी केली होती पावसाने. पावसाळ्यात घोडबंदरला गर्दी कमी होत नाही, खड्ड्यांमुळे वाढतेच. पण रेडिएटरवर पाणी उडत राहतं आणि हवाही काही अंशांनी उतरलेली असते. आपल्याकडे गाडी गरम होण्यावर मे महिन्यात केलेल्या कुठल्याही इलाजाचा निकाल ऑक्टोबरपर्यंत लागत नाही. माझा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लागला.

दुसऱ्या गॅरेजने निदान तरी वेगळं केलं. "पंखा वेळेवर लागत नाहीये साहेब. डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे पंख्याची वायर गाडीच्या कॉम्प्युटरच्या ताब्यातून काढून सरळ इग्निशनवर टाकायची. किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. चारशे रुपये. दहा महिने चाललं. या दहा महिन्यांत पंखा गरज असो नसो फुल्ल वेगाने फिरत होता, पहाटे सहाला थंड इंजिनावरसुद्धा. ऑगस्ट 2023 मध्ये बहिणीकडे वसईला जाताना गायमुखच्या चढाला मोटर जाम झाली. कार्बन ब्रश संपले होते आणि कनेक्टरचं प्लॅस्टिक वितळून वायरींसकट त्याचा गोळा झाला होता. टोइंग, नवी मोटर, पुन्हा डायरेक्ट.

एप्रिल 2024. पंखा जोरात फिरतोय, तरी काटा वर. कूलंट कमी होतच होतं. आता तिसरं गॅरेज, आणि निदान: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील. हेड उतरवा, फेसिंग करा (घासून सपाट करा), 28 ते 30 हजार धरून चला. बायको सोबत होती. तिने विचारलं, "इंजिन उघडायचं म्हणताय, पण तपासलंत काय?" उत्तर मिळालं, "अनुभव आहे ताई." आम्ही गाडी परत आणली.

घरी काय बघितलं

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं, सोळा पिनांचं सॉकेट असतं. 2013 नंतरच्या बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांना ते आहे. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर मी सहाशे रुपयांना घेतला आणि मोबाइलवर फुकटचं अ‍ॅप टाकलं. मला त्यातून एकच आकडा हवा होता, कूलंटचं तापमान. पाच दिवस शेजारी बसून बायको वहीत लिहीत होती: वेळ, ठिकाण, एसी चालू की बंद, अंश.

ठाणे-बेलापूर रोडला, रबाळे ते घणसोली, सत्तरच्या वेगाला: 67, 69, 68. मानपाड्याला सिग्नलच्या रांगेत एसी लावून: 99, 104, 107. आणि गंमत म्हणजे यातल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीला डॅशबोर्डवरचा काटा मधोमध.

बहुतेक गाड्यांचा काटा खरं तापमान दाखवतच नाही. तापमान बरंच खाली-वर झालं तरी तो मुद्दाम मध्येच थांबवून ठेवलेला असतो, नाहीतर प्रत्येक सिग्नलला तो हलला की लोक सर्व्हिस सेंटरला फोन करतील. म्हणजे काटा मधून सुटलेला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नाही, निळा आणि लाल दिवा फक्त.

107 ची मला अपेक्षा होती. 68 ची नव्हती. गरम होणाऱ्या गाडीचं इंजिन हायवेला इतकं थंड का? याच अ‍ॅपमध्ये बिघाडाचा जुना एक कोड साठवलेला सापडला, पी 0128. चेक इंजिनचा दिवा वर्षभर अधूनमधून लागायचा आणि प्रत्येक गॅरेज "सेन्सरचं आहे, काही नाही" म्हणून तो मिटवून द्यायचं. पी 0128 चा अर्थ, इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत वेळेत पोचत नाही. बहुतेक वेळा कारण थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) उघडाच अडकलेला. किंवा जागेवर नसलेला.

याची परीक्षा फुकट आहे. सकाळी पूर्ण थंड गाडी सुरू करा, एसी बंद ठेवा, आणि इंजिनाकडून रेडिएटरच्या वरच्या टोकाला जाणाऱ्या जाड पाइपवर हात ठेवा. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात लांब, पंखा न सांगता लागतो. थर्मोस्टॅट धड असेल तर काही मिनिटं पाइप गारच राहतो आणि मग, 82 ते 88 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडला, की अचानक चटका बसेल इतका तापतो. (काही गाड्यांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडे असतो, तिथे खालच्या पाइपवर हात ठेवा.) माझा पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, चटका कधी बसलाच नाही.

मी गाडीच्या आधीच्या मालकाला फोन केला. माणूस सज्जन, खोटं बोलायचं त्याला कारणही नव्हतं. म्हणाला, "थर्मोस्टॅट तो 2019 मध्ये मेकॅनिकने काढून टाकला होता. आपल्याकडे लागत नाही म्हणाला, तो थंड देशातल्या गाड्यांना लागतो. तेव्हाही गरम होत होती ना." म्हणजे ताप माझ्या आधीपासूनचा होता, आणि मला गाडी त्या तापाच्या औषधासकट मिळाली होती.

हा थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला ठाण्यात अजूनही दर तिसऱ्या गॅरेजात ऐकू येतो, म्हणून थोडं थांबतो. थर्मोस्टॅट नसला तर हायवेला इंजिन 68 वर राहतं. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून पुरतं तापलेलंच नाही, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. माझं शहरातलं अ‍ॅव्हरेज 10 वर आलं होतं, नंतर 13 झालं. ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, आत चिखल साचतो. इतकं करून गाडी थंड राहते म्हणावं, तर बऱ्याच इंजिनांत तेही नाही. त्यांच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरचा रस्ता उघडला की ती बायपासचा रस्ता बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा. काही पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत. लोक सांगतात "पाणी फार वेगाने फिरतं म्हणून थंड होत नाही", ते खरं नाही. पाणी भलत्या वाटेने फिरतं.

कळव्याचे काका

रेडिएटरचंच काम करणारे एक काका कळव्याला आहेत, सत्तरीचे असतील. पितळी रेडिएटरला झाळ देण्यापासूनचा त्यांचा अनुभव, आणि बोलणं अगदी कमी. मी हेड गॅस्केट म्हणालो तर त्यांनी आधी रेडिएटरचं झाकण मागितलं.

झाकणाला मी आयुष्यात कधी महत्त्व दिलं नव्हतं. त्यांनी ते हातपंपाच्या टेस्टरवर बसवलं. झाकणावर 1.1 बार छापलंय, ते 0.4 लाच सोडत होतं. याचा अर्थ कळायला थोडं पाणी उकळण्याचं गणित लागतं. साधं पाणी उघड्यावर 100 ला उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर सुमारे 107 ला. पण झाकणाने आत दाब धरून ठेवला की तोच उत्कलनबिंदू 125 च्या पुढे जातो. माझ्या गाडीत दोन वर्षं वरून पाणी टाकून टाकून कूलंट नावापुरतं उरलेलं, आणि दाब 0.4 बार. म्हणजे आतलं पाणी 110 च्या अलीकडेच उकळणार. आणि माझी नोंद होती 107. गाडी कुठे गळत नव्हती, ती वाफेने बाटलीतून थोडंथोडं बाहेर टाकत होती, तेही चालत्या गाडीत, बॉनेटच्या आत. पार्किंगमध्ये थेंब सापडणार कुठून?

मग त्यांनी हेड गॅस्केटचा प्रश्न मिटवला, दहा मिनिटांत. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी ठेवली, त्यात निळं द्रावण. इंजिन चालू. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर द्रावण पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. पाण्यात सतत बुडबुडे नव्हते, ऑइल कॅपखाली दुधट साय नव्हती. काका म्हणाले, "गॅस्केट गेलेली गाडी सकाळी थंड असतानाही वरचा पाइप दगडासारखा घट्ट लागतो. तुमचा मऊ आहे." 30 हजारांचं काम तिथे संपलं. ऑइल कॅपखालची साय मात्र एकट्याने पुरावा नव्हे. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते, पावसाळ्यात तर हमखास.

रेडिएटर गरम असताना त्यांनी त्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला. वरचा भाग 90, खालच्या उजव्या कोपऱ्यात 50 च्या खाली. म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हतं, नळ्या क्षाराने बुजलेल्या. पाणी कुठलं टाकत होतात, त्यांनी विचारलं. आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर असतो, बहुधा बोअरचं पाणी. घरात नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो तेच पाणी मी दोन वर्षं गाडीला पाजत होतो. पहिल्या गॅरेजच्या ड्रमातलं पाणी तरी कुठून आलं होतं?

रेडिएटर उतरवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे असतो, दोघांमध्ये बोटभर फट. त्या फटीत गालिच्यासारखा थर: सिमेंटची धूळ, कापूस, पानं, मेलेले किडे. मेट्रो 4 चं काम घोडबंदरला कित्येक वर्षं चाललं. माझी गाडी रोज त्या धुळीतून जायची. पुढून पाइप मारून धुतलं तर कंडेन्सर चकचकीत दिसतो आणि थर जागच्या जागी. दोन्ही वेगळे केल्याशिवाय तो निघत नाही.

राहिला पंखा. वायरमन काकांच्या ओळखीचा. त्याने मूळ वायरिंग शोधलं. माझ्या गाडीचा पंखा दोन वेगांचा: मंद वेग एका रेझिस्टरमधून (तो पंख्याला जाणारी वीज कमी करतो), जोराचा सरळ. एसी लावला की मंद वेग लगेच लागायला हवा, आणि एसी नसताना साधारण 96 ला. रेझिस्टर जळलेला होता. म्हणजे मंद वेग अजिबात नाही, आणि जोराचा लागायचा तो 105 च्या पुढे. चालत्या गाडीत समोरून हवा येते, तिथे पंख्याची उणीव कळत नाही. उभ्या गाडीत एसी कोमट आणि काटा वर. 2019 पासूनच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ हा रेझिस्टर असावा असं मला वाटतं. तो साडेचारशे रुपयांना मिळाला. थर्मोस्टॅट काढणं, पंखा डायरेक्ट करणं, पाणी ओतत राहणं, हे सगळं त्याच्यावरचे इलाज होते आणि प्रत्येक इलाजाने एक नवीन दुखणं दिलं.

काय बदललं, आणि तरी काय राहिलं

नवा रेडिएटर (अ‍ॅल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाक्यांचा, जुन्या पितळी रेडिएटरसारखा हा सळया घालून साफ करता येत नाही, काकांनीच नको म्हटलं). नवं झाकण. थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट. पंख्याचा रेझिस्टर, नवा कनेक्टर, मूळ वायरिंग रिलेसकट परत. आतून तीनदा फ्लश, आणि तयार मिसळलेलं कूलंट, वर एक थेंबही पाणी न घालता. मजुरीसकट साडेनऊ हजार.

कूलंटबद्दल एक. रंग बघून घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपन्यांनी दिलेले रंग आहेत, त्यावरून आतलं रसायन ठरत नाही, आणि वेगळ्या जातीची मिसळली तर गंजरोधक निकामी होऊन गाळ धरू शकतो. गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली आहे ती. कॉन्सन्ट्रेट घेतलंत तर सोबत डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत टाकतो तेच. आणि सांडलेलं लगेच धुवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, पार्किंगमधली मांजरं चाटतात.

काम झालं त्या आठवड्यात ठाणे-बेलापूर रोडला 88, मानपाड्याला एसी लावून 97. कोड परत आला नाही. मी पुन्हा एकदा चार जणांना नंबर दिला.

महिन्याने बाटली परत बोटभर खाली.

या वेळी मात्र पार्किंगमध्ये डाग होता, पट्ट्याच्या बाजूला. काकांना फोन केला तर ते हसले. "दाब परत आला ना, आता जो कच्चा असेल तो बोलणार." वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी तिथून ठिबकतं, आणि सुकून गुलाबी-पांढरा खर धरतं. माझ्या पंपाला तो होता. फुसक्या झाकणामुळे आत पुरेसा दाबच धरत नव्हता, म्हणून जुनं सील दोन वर्षं गुपचूप बसलं होतं. नवं झाकण बसवलं आणि ते फुटलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इथेच माणूस वैतागतो आणि "काही उपयोग झाला नाही" म्हणून गाडी विकून टाकतो. माझ्या इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे आणि पंप बाहेरच्या पट्ट्यावर, म्हणून काम सोपं. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदला, मजुरी एकच लागते.

त्यानंतर 2024 चा ऑक्टोबर गेला आणि 2025 चा उन्हाळा गेला. बाटली जागेवर आहे.

तुमचं दुखणं वेगळं असेल तर

स्वतःला आधी एकच विचारा: उभी असताना तापते की पळताना? उभी असताना तापत असेल आणि एसीही तेव्हाच कोमट होत असेल, तर पंखा आणि पुढची जाळी. चढाला किंवा वेगात तापत असेल, उभी असताना बरी, तर पाण्याचा प्रवाह: बुजलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, पंप. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच काटा लालकडे पळाला तर पाणी संपलंय, थर्मोस्टॅट बंद अडकलाय किंवा पाइपांत हवा अडकली आहे.

बाटली भरलेली आणि रेडिएटर उघडल्यावर (थंड असताना!) रिकामा, तर झाकणाची आत खेचणारी चकती गेली. गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा होतो, तेही त्याचंच लक्षण. दोन-अडीचशेचं झाकण, मी तर आता दर चार वर्षांनी डोळे झाकून बदलणार आहे.

हेडलाइट लावल्यावर काटा उडी मारतो, बंद केल्यावर खाली येतो? ते तापमान नाही, अर्थिंग आहे. आमच्या शेजाऱ्यांनी यासाठी थर्मोस्टॅट आणि सेन्सर दोन्ही बदलले, शेवटी बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीचा बॉडीवरचा बोल्ट गंजलेला निघाला.

सीएनजी बसवलेल्या गाड्यांचं एक खास दुखणं आहे. किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला इंजिनाचं कूलंट टी-जोडांतून फिरवलेलं असतं. ते जोड आणि त्यांच्या क्लिपा हीच गळतीची पहिली जागा. कोपरखैरणेच्या मित्राची गाडी किट बसवल्यापासून गरम व्हायची; पाइप जोडताना आत हवा राहिली होती, कुणी ती काढली नव्हती. खारघरला राहणाऱ्या मेहुण्याची डिझेल मात्र वेगळीच: पाणी कमी, बाहेर गळती नाही, सकाळी पांढरा धूर. तिथे ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला होता आणि कूलंट सायलेन्सरमधून जात होतं. त्यालाही आधी हेड गॅस्केटच सांगितलं होतं.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला आणि काचेवर गोडसर वासाचं धुकं, तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. वास नसेल, फक्त पाणी, तर एसीचा निचरा तुंबलाय. त्याचा कूलंटशी संबंध नाही.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडीत झाकण उघडून पाणी बघा: गढूळ तांबडं असेल तर ती कूलंटवर चालली नाही. एसी बंद ठेवून किल्ली नुसती ऑन करा. पंखा लगेच फिरायला लागला तर कुणीतरी डायरेक्ट केलाय किंवा तापमानाचा सेन्सर निखळलाय. मग वरच्या पाइपाची परीक्षा. ही पंधरा मिनिटं मी 2021 मध्ये दिली असती तर! मी काय बघितलं होतं, तर टायर आणि म्युझिक सिस्टिम.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद. हीटर फुल्ल गरमवर आणि ब्लोअर जोरात. घाम निथळेल, पण तो छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तुमच्या अंगावर घेतो. सुरक्षित जागा दिसेल तिथे कडेला. काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद. झाकणाला हात लावायचा नाही, निदान पाऊण तास. आत 110 अंशांचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटताच ते तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

गेल्या महिन्यात वसईहून परतताना गायमुखच्या उतारावर समोरच्या लेनमध्ये एक जुनी हॅचबॅक उभी होती, बॉनेट वर, आणि एक पोरगा हातात फडकं घेऊन झाकणाकडे वाकलेला. मी खिडकीतून ओरडलो. तो दचकून मागे सरला. गाडी कडेला लावून पलीकडे गेलो तर त्याचे वडील म्हणाले, "आत्ताच महिन्यापूर्वी घेतली हो, सेकंडहँड. पाणी टाकायचं का?"

"पाणी नंतर. उभी असताना तापली की चढताना?"

त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "खाली जाममध्ये उभे होतो तेव्हाच. आणि एसी पण गरम हवा मारत होता काका."

"मग आधी पंखा बघू."